वाइसची ल्यूट कॉन्चेर्टी (टेम्पेस्टा दि मारे): बरेच महिने ऐकल्यावर

सिल्व्हियस लिओपोल्ड वाइसचा हा अल्बम शांडोस या रेकॉर्ड कंपनीने २००४ मध्ये काढला. माझ्याकडे तो बरेच महिने जवळजवळ रोज वाजतोय, म्हणून आता नीट लिहितो. वाइस म्हणजे बाखच्याच काळातला माणूस (दोघंही १७५० मध्येच गेले), जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात ल्यूट (गिटारसारखं, फुगीर पाठीचं जुनं तंतुवाद्य) वाजवायचा आणि त्याची एकट्या ल्यूटसाठीची शेकडो पानं आज मिळतात, मुख्यतः लंडन आणि ड्रेस्डेनच्या हस्तलिखितांमध्ये. पण इतर वाद्यांबरोबरचं जे होतं (म्हणजे याच कॉन्चेर्टी) त्याची अवस्था फार वाईट आहे. ल्यूटवाल्याचा कागद तेवढा राहिला, बाकीच्यांचे गेले. म्हणजे हस्तलिखितावर शीर्षकात ल्यूट आणि आडवी बासरी असं स्पष्ट लिहिलेलं आणि बासरीचं पानच नाही!

फिलाडेल्फियाच्या टेम्पेस्टा दि मारे या ग्रुपमधल्या रिचर्ड स्टोनने ही हरवलेली पानं नव्याने लिहिली आणि ल्यूटही त्यानेच वाजवलंय. आता हे ऐकून कुणीही विचारेल की मग यात वाइस किती आणि स्टोन किती? मलाही सुरुवातीचे काही आठवडे तेच डोक्यात होतं. पण ल्यूटकडे लक्ष ठेवून पुन्हा पुन्हा ऐकलं की उलगडत जातं. मध्येच ल्यूट नुसता खर्ज आणि त्यावर थोडे स्वर धरून बसतं, चाल अशी काही नसते, म्हणजे तिथे चाल दुसऱ्या कुणाकडे तरी असणार हे उघड आहे. कुठे ल्यूट एखादी छोटी जागा दोनदा घेतं आणि मध्ये मोकळं सोडतं, तिथे बासरीने किंवा व्हायोलिनने उत्तर द्यायचं. खालचा बास तर बराचसा ल्यूटच्याच हातात आहे. त्यामुळे खरी कसोटी वरच्या ओळीची, आणि संथ भागांमध्ये ती इतकी बेमालूम जमलीये की आता मला शिवण दिसतच नाही. जलद भागांत काही ठिकाणी व्हायोलिन जरा जास्तच सभ्य वाटतं, वाइसने तिथे थोडा वात्रटपणा केला असता असं मला वाटतं, पण हे माझं मत.

मी गिटार वाजवतो म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. गिटारवाल्यांमध्ये एक ए मायनर सूट (छोट्या रचनांची मालिका) वाइसच्या नावाने वर्षानुवर्षं वाजवला गेला आणि तो निघाला मेक्सिकन संगीतकार मानुएल पोन्सेचा, विसाव्या शतकातला. प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने तो वाइस म्हणून पुढे आणला होता. रचना सुंदरच आहे, प्रश्न नावाचा आहे. इथे स्टोनने काय लिहिलं ते उघड सांगितलंय, म्हणून मी निर्धास्त ऐकू शकतो. जुनं संगीत परत उभं करायचं तर असंच करावं.

आता आवाजाबद्दल, कारण विकत घेणाऱ्याला ते आधी कळायला हवं. वाइसच्या काळातलं ल्यूट म्हणजे १३ कोर्स (एकत्र छेडायच्या तारांचे गट), पहिल्या दोन तारा एकेरी आणि बाकी ११ जोड्या, एकूण २४ तारा, आणि सगळं नुसत्या बोटांनी. मूळ आवाजच लहान. खुद्द वाइसने १७२३ मध्ये संगीतावर लिहिणाऱ्या माथेसनला लिहिलेल्या पत्रात ऑर्केस्ट्रात साथीला ल्यूट कमी पडतं हे मान्य केलंय. (हाच माथेसन, ज्याने म्हटलं होतं की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवाल्याची साठ वर्षं तारा लावण्यातच गेलेली असतात.) मग रेकॉर्डिंगवाल्यांना मोह होतो की ल्यूटच्या अगदी तोंडाशी माइक लावायचा आणि ते गिटारएवढं मोठं करायचं. या अल्बममध्ये तसं केलेलं नाही आणि यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देईन. बाकीचे वादक स्वतःच दबकून, जागा देऊन वाजवतायत. तंबोऱ्याला कान लावून बसल्यावर जसं एकेक काही नंतर नंतर ऐकू यायला लागतं तसं इथे होतं, पहिल्या दोनचार वेळा निम्मं निसटलं आणि नंतर खालच्या तारांची गुंजन वेगळी कळायला लागली.

पण याचा अर्थ असा की छताचा पंखा चालू असेल तर विसरा. पुण्यात एप्रिल-मे मध्ये मी पहाटेच ऐकायचो. मोबाइलच्या स्पीकरवर खालच्या सहासात जोड्या गायबच होतात. साधे वायरवाले हेडफोन बेस्ट, भारी काही लागत नाही. स्ट्रीमिंगवर ऐकायला हरकत नाही, पण मी वापरतो त्या ॲपवर दोन भागांच्या मध्ये खटकन तुटतं आणि माहितीपुस्तिका मिळत नाही. इथे पुस्तिका फार महत्त्वाची आहे त्यामुळे शक्य असेल तर सीडी नाहीतर पुस्तिकेसकट डाउनलोड घ्या.

ज्यांना नव्याने लिहिलेलं नकोच आहे, सगळे आवाज मूळचेच हवेत, त्यांनी राडोल्ट ऐका. व्हिएन्नाच्या या सरदाराने १७०१ मध्ये ल्यूट, व्हायोलिन आणि बास असं एकत्र छापून काढलं, काही रचनांमध्ये तर वेगवेगळ्या मापाची तीन ल्यूट आहेत! गुनार लेट्सबोरच्या आर्स अँटिकुआ ऑस्ट्रिया या ग्रुपने ते रेकॉर्ड केलंय, ल्यूटवर हुबर्ट हॉफमन. यात ल्यूट हिरो नाही, व्हायोलिन आणि ल्यूट बरेचदा एकच चाल धरून जातात आणि व्हायोलिनच्या स्वराला ल्यूटच्या आघाताची धार येते, असा रंग मी दुसरीकडे ऐकलेला नाही. आधी वाइस घ्या, कान बसला की राडोल्ट. उलट क्रमाने गेलात तर राडोल्ट सपाट वाटायची शक्यता आहे.

हिंटरलाइटनरचा १६९९ चा व्हिएन्नाचाच ल्यूट, व्हायोलिन, बासचा संग्रह आणि पुढच्या पिढीतला ल्यूटवाला कार्ल कोहाउट हे दोघं माझ्या यादीत आता वर आहेत. कोहाउटची चांगली रेकॉर्डिंग्ज कुणी ऐकली असतील तर कुठलं घेऊ ते नक्की सांगा.