व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटॅम की लॅमोट्रिजिन?

सकाळी दात घासताना हाताला झटका बसून ब्रश उडतो, चहाचा कप सांडतो आणि एखाद्या दिवशी मोठी फिट येते. शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होणारी ही तक्रार बहुधा जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा झटक्यांचा अपस्मार असते. वरच्या तीन औषधांतले कोणते घ्यायचे, हा प्रश्न त्यासाठीच. डॉक्टरांना फक्त फिट सांगितली जाते, सकाळचे झटके सांगायचे राहून जातात. तेवढ्यावरून कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही फिटची दुसरी औषधे सुरू झाली, तर झटके उलट वाढू शकतात. मोबाइलवर झटक्यांचा व्हिडिओ काढून दाखवा.

मेंदूत ग्लुटामेट हे रसायन पेशींना चेतवते, गाबा हे रसायन आवरते. या जनरलाइज्ड (सगळ्या मेंदूत एकदम पसरणाऱ्या) प्रकारात थॅलॅमस (मेंदूच्या आतला भाग) आणि कॉर्टेक्स (बाहेरचा थर) यांच्यातली ये-जा बिघडून दोन्ही बाजूंच्या पेशी एकाच वेळी पेटतात.

व्हॅल्प्रोएट गाबा वाढवते आणि सोडियम वाहिन्याही आवरते, म्हणून मोठी फिट, झटके, टक लावून बसणे या तिन्हींवर चालते. फिटच्या औषधांची तुलना करणाऱ्या 2021 च्या सॅनाड-दोन चाचणीत लेव्हेटिरॅसिटॅम त्याच्या बरोबरीला आले नाही. मुलगा किंवा पुरुष असेल, यकृत ठीक असेल, तर आमचा कल आजही याच्याकडे आहे. वजन वाढणे, हात थरथरणे, केस गळणे सोसावे लागू शकते. उलट्या आणि गुंगी एकदम वाढली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलीच्या बाबतीत मात्र हिशेब बदलतो. गरोदरपणी हे औषध चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि दहातल्या तीन-चार मुलांची वाढ, बोलणे किंवा शिकणे मागे पडते. लग्न ठरल्यावर घाईने गोळी बदलण्यापेक्षा पंधराव्या वर्षीच दुसरे औषध निवडलेले बरे. फिटची गोष्ट सासरी लपवून गोळ्या चुकवणे तर फार धोक्याचे.

तिच्यासाठी पहिली पसंती लेव्हेटिरॅसिटॅम. ते एसव्ही2ए या प्रथिनाला चिकटून पेशीचे रसायन सोडणे आवरते. मोठ्यांत बहुधा 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एक-दोन आठवड्यांनी 500 दोनदा. इतर गोळ्यांशी फारसे भांडत नाही. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो. त्रास होतो तो स्वभावाला: चिडचिड, रडू, क्वचित आत्महत्येचे विचार. असा बदल घरच्यांनाच आधी दिसतो. ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

लॅमोट्रिजिन मनाला सोसते, गरोदरपणातही तुलनेने सुरक्षित. पण सकाळचे झटके काहींत वाढवते. शिवाय सावकाश चढवावे लागते: दोन आठवडे रोज 25 मिलिग्रॅम, पुढचे दोन 50. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर सुरुवात 25 एक दिवसाआड. घाई केली की अंगावर पुरळ, तोंडात फोड असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर जुन्या डोसवर उडी मारू नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढवा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि गरोदरपण, दोन्हींत याचे रक्तातले प्रमाण उतरते.

कोणतीही गोळी घेतली तरी जागरण ती हरवते. यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर मालकाकडून दिवसपाळी मागून घ्या. तिथे फिट आली तर चालत्या मागात हात जाऊ शकतो. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला (जत्रेला) जरूर जा, पण रात्रीची गोळी वेळेवर घेऊन झोपायला घरी या. दिवस राहिल्याचे कळले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा: अचानक तोडल्याने येणारी सलग फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.