साडेसहाशेचे बूट, नंदगड ते शहापूर

बूट घेऊन तीन आठवडे झाले पण खरा रिव्ह्यू एकाच दिवसाचा आहे, गेल्या मंगळवारचा. त्या दिवशी मोबाईलने सतरा हजार सातशे पावलं दाखवली आणि त्यातली निम्मी तरी पाण्यातली होती. त्यामुळे दुकानातल्या फरशीवर दोन फेऱ्या मारून 'एकदम मऊ, पैसा वसूल' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, माझं ऐका.

बेळगावच्या खडेबाजारात घेतले. दुकानाचं नाव लिहीत नाही, काका बोलायला चांगले आहेत. कंपनीचं नाव सांगूनही उपयोग नाही, कारण डाव्या बुटावर एक स्पेलिंग आहे आणि डब्यावर दुसरंच. साडेआठशे सांगितले, मी पाचशे म्हटलं, साडेसहाशेला तुटलं. राखाडी जाळीचं कापड, खाली जाड पांढरा फोमचा सोल, हातात घेतले तर काही धरलंय असं वाटतच नाही एवढे हलके. "पावसात चालतील काय ओ?" म्हणून दोनदा विचारलं. "चालतील की, न चालायला काय झालं!" तेवढ्यावर मी खूश.

आजोबांना पटलं नव्हतं. त्यांच्या हिशोबात पायात घालायचं ते पायताण, बाकी सगळी खेळणी. आणि तसं बघितलं तर पायताणावर आपलापण हक्क आहे, नावाला कोल्हापुरी असली तरी २०१९ ला जीआय टॅग (ही वस्तू ह्याच भागातली, अशी सरकारी नोंद) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे, अथणी-निपाणीकडे बनतात की. पण खानापूर तालुक्यातल्या जुलैच्या पावसात चामडं भिजलं की फुगतंय, वास मारतंय, शेवाळलेल्या दगडावर सटकतंय ते वेगळंच. म्हणून बूट.

तर मंगळवार. सहाला घरातून बाहेर, नंदगडहून पहिली बस, खानापूरला उतरून दुसरी. माझ्याकडे पास, धाकट्या बहिणीला तोही लागत नाही, ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट, आधार कार्ड दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं, आणि ते तिकीट ती रोज न चुकता माझ्या नाकासमोर हलवते. खानापूर ते बेळगाव सव्वीस किलोमीटर पूर्ण उभ्याने, कंडक्टर मागून 'मुंद होग्री, मुंद होग्री' (पुढं सरका) करतोय आणि मुंद जायला जागा असली तर जाणार ना माणूस. तिघांनी पायावर पाय दिला, आणि एका मामांनी दुधाचा कॅन खाली ठेवला तो थेट माझ्या अंगठ्यावर. इथं पहिला मार्क कापला. पुढं बोटांवर नुसती जाळी आहे, आत काही कडक घातलेलं नाही, बसने रोज जाणाऱ्याच्या हे कामाचं नाही.

पण मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग करत आरपीडी क्रॉसला उतरलो तोपर्यंत बाकी तक्रार काही नव्हती. तासभर उभं राहून टाच दुखली नाही, मागची कड चावली नाही (माझे आधीचे बूट पहिल्याच दिवशी रक्त काढायचे). फोम चांगला आहे, ते मान्य.

एकला कॉलेज सुटलं. त्यानंतर कामांची यादी होती, परीक्षा फॉर्मचं चलन भरायचं, गणपत गल्लीत झेरॉक्स, मग संध्याकाळी बेळगावातल्याच शहापुरात टॅलीचा (कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचा) क्लास. रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला त्यात माझा दोन दिवसांचा नाश्ता होतोय, म्हणून चालतच. दुसरं रेल्वे गेट ओलांडून काँग्रेस रोडला लागलो आणि जो पाऊस आला, जर्किन होतं म्हणून वरचा अर्धा माणूस कोरडा राहिला. १९२४ ला इथं गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यावरून रोडचं नाव, आणि तेव्हा लोकांना पाणी पुरावं म्हणून मुद्दाम विहीर खणली होती, ती वीरसौध स्मारकात अजून बघायला मिळते. मंगळवारी भरलं असतं तर खणायची गरजच नव्हती, रोडवर घोट्याएवढं होतं.

आता जाळीच्या बुटाचं पाण्यात काय होतं ते सांगतो. पाणी आत शिरायला दोन सेकंद आणि बाहेर पडायला रस्ताच नाही. आतलं स्पंजचं सोल सगळं पिऊन घेतं आणि मग प्रत्येक पावलाला पचाक पचाक. चलन भरायच्या लाईनीत पुढचा माणूस दोनदा मागे वळून माझ्या पायाकडे बघून गेला. तिथून गोगटे सर्कल, संभाजी चौक, किर्लोस्कर रोड, गणपत गल्ली, सगळीकडे पचाक.

आणि मग कपिलेश्वर ब्रिज. चढताना उजव्या पायाखाली काहीतरी वेगळंच लागायला लागलं, खाली बघतोय तर पुढून सोल सुटलाय, बोटांपासून पार चवड्यापर्यंत, आणि पाऊल उचललं की बूट आ करतोय. बघा, पाऊल जिथं वाकतं नेमकं तिथंच पेस्टिंग सुटतं, त्यात दिवसभर पाणी मुरलेलं, मग ते धरणार कशाला. झेरॉक्सच्या कागदांचं रबर काढून बुटाला लावलं, दहा पावलांत तुटलं. कागद पिशवीत पसरले ते वेगळं. उरलेला ब्रिज मी पाय न उचलता, फरफटत उतरलो.

शहापुरात शिरताना एका कोपऱ्यावर निळं प्लास्टिक बांधून एक मामा बसलेले, त्यांच्यासमोर बूट ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याने सोल अजून थोडा उघडला (माझा जीव वर) आणि म्हणाले, "नुसतं चिकटिवल्यात की रे पोरा. टाका कुठं हाय ह्याला?" मी म्हटलं नवीन आहे ओ मामा, तीन आठवडेपण नाही झाले. "नवीनच असतंय. जुनं व्हायला टिकाया लागतंय."

आधी फडक्याने पुसलं, मग सोल्यूशन लावून नुसतंच धरून बसले, ते थोडं सुकून चिकट झालं की मग दाबायचं म्हणे, लोक घाईने दाबतात म्हणून निघतं. त्यानंतर आरी. सोलच्या कडेला एक चीर पाडून घेतली, म्हणजे दोरा आत बसतो आणि रस्त्याला घासत नाही. आरी बाहेरून आत घालायची, आत बोटाने दोरा तिच्या आकड्याला अडकवायचा आणि ओढायचं, परत पुढचं भोक. दोऱ्याला मेण. बुटात हात घालून न बघता प्रत्येक वेळी दोरा बरोबर आकड्यात कसा सापडत होता मला कळलं नाही, मी एकदा ट्राय करतो म्हटलं तर हसले. एका बुटाला वीस मिनिटं. डावा चांगला होता तरी म्हणाले तोपण करून घे, त्याचीबी पाळी हायच. दोन्हीचे मिळून ऐंशी रुपये, आणि टॅलीच्या क्लासला पाऊण तास लेट.

पायताणाला खिळा नसतो, सगळं चामड्याच्याच वादीने शिवलेलं असतं, हे आजोबा सांगायचे तेव्हा मी मोबाईलमध्ये बघत असायचो. साडेसहाशेच्या बुटात नेमकं तेच नाही.

क्लास संपवून शहापूर ते सीबीटी (बेळगावचं बस स्टँड) परत चालत, परत पावसात, परत पचाक, पण सोल जागचा हलला नाही. बसला परत उभ्याने. घरी पावणेनऊला सॉक्स काढले तर पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, चार तास कपडे धुतल्यासारखे.

घ्यायचे का? जवळ राहात असाल, गाडीने फिरत असाल तर घ्या, मऊ आहेत, टाच चावत नाहीत, एक नंबर मोठा घ्या, जाड सॉक्स बसत नाहीत. रोज सात-आठ किलोमीटर तंगडतोड असेल तर किंमत सातशे तीस धरा आणि दुकानातून थेट शिवायला न्या, सोल सुटायची वाट बघू नका. पावसाळ्यात घेणार असाल तर जाळीचे घेऊच नका, कितीही शिवले तरी पाणी वरून येतंय त्याला मामा काय करणार. दुकानदार काकांना नंतर जाऊन सांगितलं. "पावसात चालतील म्हटलं होतं की, पाण्यात म्हटलं नव्हतं," म्हणाले. यावर काय बोलणार.

त्या रात्री बुटात पेपरचे बोळे कोंबून चुलीजवळ ठेवले होते. आजीने उठून लांब सरकवले, जवळ ठेवलं तर फोम आकसतोय म्हणाली, तिला कसं माहीत कोण जाणे. सकाळी हात घालून बघितलं, आतून ओलेच. आजोबांचं पायताण दाराशीच होतं, मला एक बोट मोठं होतंय, तेच घालून पहिली बस धरली.