जपानी नात्यांची हिरागाना कार्डं: नवशिक्यांनी बिनधास्त घ्या

हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं नुकतीच ओळखू यायला लागलीयत पण शब्द वाचताना अजून गाडी अडते, अशा लोकांसाठी हा सेट खरंच मस्त आहे, एन फाइव्हची, म्हणजे जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेतल्या सगळ्यात सोप्या पातळीची तयारी करत असाल तर घेऊनच टाका.

सुरुवात चिची आणि हाहा पासून केलीय, म्हणजे आपले वडील आणि आपली आई, हे फार आवडलं. दोन्ही शब्दांत एकच अक्षर दोनदा येतं त्यामुळे पहिल्याच बैठकीत दोन नाती वाचता येतात आणि हुरूप येतो. हाहाच्या कार्डामागे वाक्य आहे, हाहा वा सेन्सेइ देसु, माझी आई शिक्षिका आहे. आता यात 'हा' हे अक्षर ओळीने तीनदा लिहिलेलं दिसतं आणि तिसरं मात्र 'वा' वाचायचं कारण तिथे ते पार्टिकल, म्हणजे वाक्यात कोणाबद्दल बोलतोय ते दाखवणारा प्रत्यय आहे, आणि कार्डावर तेवढंच अक्षर लाल केलंय. एवढा विचार करून छापलंय म्हणजे बनवणाऱ्याने नक्की कधीतरी नवशिक्यांना शिकवलेलं असणार.

निळी कार्डं आपल्या घरच्या माणसांबद्दल बाहेर बोलताना, केशरी दुसऱ्याच्या घरच्यांसाठी. मोठ्या भावासाठी आनी निळं, ओनीइसान केशरी, मोठ्या बहिणीसाठी आने निळं, ओनेएसान केशरी. पण घरात मोठ्या भावाला हाक मारताना ओनीइसानच म्हणतात आणि धाकट्याला सरळ नावाने, हेही मागे लिहिलंय. आपल्याकडे दादा-ताई असंच चालतं त्यामुळे हा भाग लगेच डोक्यात बसतो.

खरी मेहनत आहे ती लांब स्वरांची. ओबासान म्हणजे काकू-मावशी आणि ओबाआसान म्हणजे आजी, फरक फक्त एका 'आ'चा. कार्डावर प्रत्येक अक्षराला वेगळी चौकट आहे, एका चौकटीला एक टाळी वाजवत वाचायचं, ओबासानला चार आणि ओबाआसानला पाच, मग चूक होतच नाही. आणि प्लीज हे शब्द वहीत देवनागरीत लिहून पाठ करू नका, आपला 'बा' आधीच दीर्घ, त्यामुळे तो 'आ' हमखास गळतो. ओतोओसान (वडील) मधला लांब ओ लिहिताना 'उ' काढायचा, सेन्सेइमधला लांब ए लिहिताना 'इ', पण ओनेएसानमध्ये मात्र 'ए'च, हे अपवादाचं कार्ड वेगळं दिलंय ते बेस्ट.

फॉन्टही पाठ्यपुस्तकातला, हाताने लिहितात तसा आहे, 'सा' आणि 'कि'चा खालचा बाक सुटा दिसतो. कॉम्प्युटरवर तो जोडलेला असतो आणि नवीन माणूस तसंच गिरवत बसतो.

आता खटकलेलं. पुढच्याच बाजूला मोठ्या टायपात रोमाजी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेला उच्चार छापलाय, नजर आधी तिकडेच जाते आणि हिरागाना वाचायचं राहून जातं. मी सगळ्यांवर कागदी टेप लावलीय. ओजी आणि ओबाची निळी कार्डं नाहीतच, ही मोठी उणीव आहे, काका मामा सगळ्यांना ओजी हा एकच शब्द पुरतो तर तो द्यायला काय हरकत होती? खोकं पण अगदीच पातळ, पोस्टातून येतानाच कोपरा फाटला होता. चार स्टार देतेय, रोमाजी मागच्या बाजूला नेली की पाचवा लगेच देईन.