अनदर वर्ल्ड : एका बटणाची बंदूक

१९९१मध्ये एरिक शाही यांनी केलेल्या या व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर ना गुण दिसतात, ना हेल्थ बार (उरलेला जीव दाखवणारी पट्टी). सुरुवातीलाच लेस्टर, म्हणजे आपण खेळवतो तो नायक, पाण्याखाली असतो. कटसीन (आपोआप चालणारं दृश्य) समजून बघत बसलात तर मेलात, लगेच वरची कळ दाबा. पुढे लेस्टर टांगलेल्या पिंजऱ्यात कैद होतो; तो डावी-उजवीकडे झुलवून पहारेकऱ्यावर पाडायचा, हे कुणी सांगत नाही. हलणारा पिंजराच सुचवतो.

खरी गंमत बंदुकीत. बटण दाबून सोडलं की साधा मारा, थोडं धरलं की ढाल, आणखी धरलं की ढाली नि दारं फोडणारा स्फोट. नवखे आधी गोळ्या झाडतात आणि मरतात. ढाल आधी उभारा. चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागा) मात्र काही ठिकाणी फारच लांब, वैताग येतो.