हाय-पॉइंट सी-९ : दोनशे डॉलरच्या पिस्तुलाचा भरवसा किती?

अमेरिकेतील बंदुकांच्या दुकानात जाऊन सर्वांत स्वस्त नवे ९ मिमी पिस्तूल दाखवा म्हटले, तर विक्रेता बहुधा जे काळे, जाडजूड आणि ओबडधोबड हत्यार काउंटरवर ठेवतो, ते हाय-पॉइंट सी-९ असते. ओहायो राज्यातील मॅन्सफिल्ड येथे १९९२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने स्वस्ताईलाच आपली ओळख बनवले आहे. सी-९ ची छापील किंमत दोनशे डॉलरच्या आसपास असते आणि दुकानात ते पुष्कळदा त्याहूनही कमी किमतीत मिळते. याच प्रकारच्या प्रसिद्ध ग्लॉक १९ पिस्तुलासाठी पाचशे डॉलरहून अधिक मोजावे लागतात. हे परीक्षण मी मुद्दाम एकाच प्रश्नापुरते ठेवणार आहे : चाप ओढल्यावर गोळी सुटते का, आणि तिच्यामागची गोळी न अडकता नळीत जाते का? मी ओहायोतच राहतो, नेमबाजीच्या रेंजवर हे पिस्तूल चालवले आहे आणि ज्यांच्याकडे ते बरीच वर्षे आहे अशा लोकांशी सविस्तर बोललो आहे. त्यावरून बनलेले माझे मत असे की सी-९ चा सांगाडा, नळी आणि स्लाइड, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, किमतीच्या मानाने आश्चर्य वाटावे इतके भक्कम आहेत, पण त्याची विश्वासार्हता ठरते ती त्यात घातलेल्या मॅगझिनवर, म्हणजे गोळ्यांच्या पेटीवर, आणि विकत घेताना नेमके त्याच भागाकडे फारसे कोणी पाहत नाही.

आधी बांधणीविषयी, कारण तक्रारी आणि कौतुक या दोन्हींची मुळे तिथेच आहेत. आजच्या बहुतेक ९ मिमी पिस्तुलांत बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याने रूढ केलेली पद्धत असते. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत थोड्या मागे सरकतात, आणि आतला दाब उतरल्यावर नळी तिरपी होऊन स्लाइडला मोकळे करते. सी-९ मध्ये असे काहीही नाही. नळी सांगाड्याला पक्की बसवलेली आहे आणि दाब उतरेपर्यंत मागची बाजू मिटून ठेवण्याचे काम केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर करतात. ही पद्धत बनवायला सोपी आणि स्वस्त आहे, पण ९ मिमीच्या काडतुसासाठी ती वापरायची तर स्लाइड जड करावीच लागते. म्हणूनच आठ गोळ्यांचे हे पिस्तूल २९ औंसांचे, म्हणजे सुमारे ८२० ग्रॅमचे आहे, तर पंधरा गोळ्यांचे ग्लॉक १९ मॅगझिनशिवाय सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. शिवाय सी-९ मधले बहुतेक वजन वरच्या भागात असल्यामुळे ते हातात घेतल्यावर मुठीवर वीट ठेवल्यासारखे वाटते. नळी जागची हलत नाही, याचा फायदा नेमबाजीत मिळतो. या किमतीत इतका चांगला नेम सापडणे कठीण, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात.

स्लाइड झॅमॅकची, म्हणजे जस्तात थोडे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळून साच्यात ओतलेल्या धातूची आहे. झॅमॅक हा शब्द अमेरिकी बंदूकप्रेमींच्या तोंडी जवळजवळ शिवीसारखा येतो, आणि त्याला इतिहासही तसाच आहे. १९७० ते १९९० च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियातील रेव्हन, जेनिंग्ज, लॉर्सिन अशा कंपन्यांनी याच धातूची अतिशय स्वस्त पिस्तुले बाजारात ओतली आणि त्यांच्यामुळे जस्ताच्या पिस्तुलाचे नाव कायमचे खराब झाले. इलिनॉय राज्याच्या कायद्यात तर ८०० अंश फॅरनहाइटच्या खाली वितळणाऱ्या ओतीव जस्ताची नळी, स्लाइड किंवा सांगाडा असलेली पिस्तुले विक्रेत्याने विकण्यावर बंदीच आहे. असे असूनही सी-९ ला त्या पंगतीत बसवणे मला अन्यायाचे वाटते. त्याची नळी पोलादी आहे, स्लाइडची जाडी भरपूर ठेवली आहे आणि नेहमीपेक्षा जास्त दाबाची, ‘प्लस पी’ म्हणून विकली जाणारी काडतुसे त्यात वापरायला कंपनीची परवानगी आहे. वर्षानुवर्षे वापरून हजारो गोळ्या झाडलेल्या मालकांच्या बोलण्यात स्लाइडला तडा गेल्याचा किंवा नळी निकामी झाल्याचा उल्लेख क्वचितच येतो.

त्यांच्या बोलण्यात वारंवार येते ते जॅम होणे. त्यातही दोन प्रकार वेगळे करून पाहायला हवेत. पहिल्यात रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर न पडता स्लाइडच्या फटीत उभी अडकते. याचे खापर पुष्कळदा सैल मनगटावर फोडले जाते, आणि ते अगदीच चूक नाही. प्लास्टिकची हलकी मूठ आणि वर जड स्लाइड अशा रचनेत हात ढिला राहिला, तर सगळे पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडला आपली फेरी पूर्ण करता येत नाही. मात्र नवख्याच्या हातात जे पिस्तूल अडते, ते नवख्यासाठी म्हणून विकले जाऊ नये, असेही म्हणता येईल. आणि सी-९ चा मोठा ग्राहकवर्ग पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्यांचा आहे.

दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि जास्त महत्त्वाचाही आहे. यात पुढची गोळी मॅगझिनमधून वर येताना नाक खाली घालते, नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, म्हणजे फीड रॅम्पवर आदळते आणि तिथेच रुतून बसते. हे का होते ते पाहायचे असेल तर भरलेले मॅगझिन बाहेर काढून डोळ्यांसमोर आडवे धरावे. सर्वांत वरच्या गोळीला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या दुमडलेल्या कडा धरून ठेवतात. त्यांना मॅगझिनचे ओठ म्हणतात. हे ओठ मागच्या बाजूला किंचित फाकलेले आणि पुढे किंचित जास्त आवळलेले असले, किंवा एक बाजू दुसरीहून जरा खाली असली, तर गोळीचे नाक वर राहण्याऐवजी समोर किंवा खाली झुकते. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो, पण सरळ नळीत शिरणारी गोळी आणि रॅम्पला टक्कर देणारी गोळी यांच्यातले अंतर एवढेच आहे. जुने मालक हा दोष घरीच काढतात. रिकाम्या मॅगझिनचे ओठ पकडीत धरून अगदी हलक्या हाताने वाकवायचे, मग रेंजवर जाऊन तपासायचे, आणि गरज पडल्यास पुन्हा थोडे वाकवायचे. ज्यांनी हे निगुतीने केले, त्यांचे पिस्तूल त्यानंतर अडल्याचे सहसा ऐकू येत नाही. घाईने जास्त वाकवणाऱ्याला मात्र नवे मॅगझिन आणावे लागते. काही जण प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक लिहून ठेवतात, म्हणजे अडलेली गोळी कोणत्या मॅगझिनमधली होती हे कळते. ही साधी युक्ती सर्वांनीच करावी, कारण ‘माझे पिस्तूल अडते’ अशी तक्रार प्रत्यक्षात ‘माझे दोन नंबरचे मॅगझिन अडते’ अशी निघण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्या कंपन्यांची जास्त गोळ्यांची मॅगझिन घेण्याचा मोह टाळावा. त्यांच्याविषयी चांगले बोलणारा मालक मला अजून भेटायचा आहे.

काडतुसांची निवडही याच्याशीच जोडलेली आहे. गोल नाकाची, पूर्ण धातूचे वेष्टण असलेली सरावाची गोळी रॅम्पवरून सहज घसरते. स्वसंरक्षणासाठी वापरतात त्या खोलगट तोंडाच्या होलो पॉइंट गोळीला मात्र कडा असते आणि ती अडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे सरावात कधीच न अडलेले सी-९ खऱ्या गरजेसाठी भरलेल्या काडतुसांवर अडू शकते, आणि हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे तीच महाग काडतुसे रेंजवर झाडून पाहणे. नवे पिस्तूल पहिल्या दोनशे गोळ्यांपर्यंत कुरकुरणारच, पुढे रुळते, असे मालक आणि विक्रेते दोघेही सांगतात. रॅम्पवरचा खरखरीतपणा घासला जातो आणि स्प्रिंग बसते, हे खरेच आहे. पण साध्या ९ मिमी काडतुसांचा पन्नासचा खोका पंधरा डॉलरच्या आसपास पडतो असे धरले, तर या रुळण्याचा खर्च साठ डॉलर, म्हणजे पिस्तुलाच्या किमतीच्या सुमारे एकतृतीयांश होतो. स्वस्ताईच्या हिशेबात हा आकडा धरायला हवा.

मग दोनशे गोळ्या विनाअडथळा गेल्या, तर पिस्तूल भरवशाचे मानावे का? संख्याशास्त्रात एक ठोकळ नियम आहे : लागोपाठच्या चाचण्यांत एकही अपयश आले नाही, तर तीनला चाचण्यांच्या संख्येने भागावे; येणारा आकडा ही अपयशाच्या प्रमाणाची वरची मर्यादा, असे पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणता येते. दोनशेसाठी ती दीड टक्का येते. म्हणजे दोनशे निर्दोष गोळ्यांनंतरही, प्रत्यक्षात सरासरी सत्तर गोळ्यांमागे एकदा अडणारे पिस्तूल आपल्या हातात असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. ‘माझे तर कधीच अडले नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला किती गोळ्या झाडल्या हे विचारावे. दोन खोके झाडून कपाटात ठेवलेल्या पिस्तुलाची ग्वाही फारशी कामाची नाही. उलट दिशेनेही पूर्वग्रह आहेत. दोनशे डॉलरच्या वस्तूला हसणे सोपे असते, आणि ती वस्तू घेणाऱ्याला आपण हुशारीने पैसे वाचवले हे सिद्ध करायचे असते. म्हणून मी मत विचारताना ‘कसे आहे’ असे न विचारता ‘शेवटचे कधी आणि कोणत्या काडतुसावर अडले’ असे विचारतो. याला मिळणारी उत्तरे अधिक प्रामाणिक असतात.

साफसफाईच्या बाबतीत सी-९ त्रासदायक आहे. बहुतेक नवी पिस्तुले खटका दाबून किंवा फिरवून उघडता येतात. इथे स्लाइड मागे अडकवून सांगाड्यातली पिन हातोडी आणि पंच या टोकदार अवजाराने ठोकून काढावी लागते. साहजिकच अनेक मालक ते उघडतच नाहीत. नळीतून कापड ओढतात, रॅम्प पुसतात आणि तेलाचे दोन थेंब सोडतात. अंतर्गत रचना इतकी साधी आहे की तेवढ्यावर भागतेही. काडतुसाच्या बुडावर आदळून ते पेटवणारी फायरिंग पिनच रिकामी पुंगळी बाहेर फेकण्याचे काम करते, त्यामुळे एक सुटा भाग कमी झाला आहे. स्प्रिंग मात्र कडक आहे आणि स्लाइड ओढायला मनगटात जोर लागतो. वयस्कर माणसांनी किंवा संधिवाताचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातच ओढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कंपनीची हमी हा या पिस्तुलाचा सर्वांत चांगला गुण म्हणावा लागेल. ती आजीवन आहे, आणि पिस्तूल तुम्ही नवे घेतले की कोणाकडून तिसऱ्या हाताने घेतले, याची विचारपूस होत नाही. दुरुस्तीसाठी मालकाने पिस्तूल थेट निर्मात्याकडे पाठवणे आणि निर्मात्याने ते थेट परत करणे अमेरिकेच्या संघीय कायद्याला मान्य आहे, मधे दुकानदार लागत नाही. कुरियर कंपन्यांचे नियम मात्र पाठवण्यापूर्वी तपासावेत. पिस्तूल दुरुस्त होऊन परत आले तेव्हा डब्यात एक जास्तीचे मॅगझिन ठेवलेले होते, असे सांगणारे मालक बरेच आहेत. हीच कंपनी २०१९ मध्ये आपल्या नव्या पिस्तुलाचे नाव लोकांना ठरवायला सांगून ‘यीट कॅनन’ (तरुणांच्या बोलीत ‘भिरकावणारी तोफ’) या थट्टेच्या नावावर येऊन ठेपली आणि शेवटी तिने ते स्वीकारलेही. स्वतःवर हसू शकणारी बंदूक कंपनी तशी विरळाच.

अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी एक महत्त्वाची बाब. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्यानुसार बंदूक विकत घेता येत नाही आणि बाळगताही येत नाही. वैध शिकार-परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही, पण राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. भारतात या पिस्तुलाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे ९ मिमी हा निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) असून परवानाधारक नागरिकाला .३२ इंचासारख्या बोअरवर समाधान मानावे लागते.

घेण्याविषयी माझा सल्ला वापरावर अवलंबून आहे. रेंजवर मौजेसाठी, शेतावर किंवा गाडीच्या पेटीत ठेवण्यासाठी सी-९ वर दोनशे डॉलर खर्च करायला हरकत नाही. घराच्या संरक्षणासाठी ते एकमेव हत्यार असणार असेल, तर आणखी शंभर डॉलर जमवावेत. अडीचशे ते तीनशे डॉलरच्या टप्प्यात टॉरस कंपनीचे जी-२सी पिस्तूल मिळते, ज्यात बारा गोळ्या मावतात. पोलीस खात्यांनी बदलून टाकलेली जुनी पिस्तुलेही तेवढ्यातच मिळतात. एफबीआय गेल्या दशकाच्या मध्यात ९ मिमीकडे परतल्यावर अनेक खात्यांनी आपली .४० इंच व्यासाच्या गोळीची पिस्तुले काढून टाकली. त्यांचा रंग उडालेला असतो, पण ती झाडली फार थोडी गेलेली असतात. ज्यांचे अंदाजपत्रक खरोखरच दोनशेला संपते, त्यांनी सी-९ जरूर घ्यावे, मात्र पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून रिकामे मॅगझिन मागून घ्यावे, उजेडात धरून दोन्ही ओठ समांतर आहेत का ते पाहावे, आणि त्याच भेटीत कंपनीचेच दुसरे मॅगझिनही घ्यावे.