सी-टाइप्स की सीएफएफआय?

पायथनमधून सिस्टिमची एखादी सी लायब्ररी थेट कॉल करायची झाली, की शेवटी सी-टाइप्स (ctypes) आणि सीएफएफआय (cffi) या दोन पायथन मॉड्यूल्सपाशीच अडकायला होतं. सी-टाइप्स पायथनच्या घरचंच, २००६ साली पायथन २.५ बरोबर आलेलं. सीएफएफआय पायपायवाल्या (पायपाय म्हणजे पायथनचाच दुसरा इंटरप्रिटर) मंडळींचं, पिपने वेगळं आणावं लागतं. मी दोन्ही वापरली आहेत. विंडोजवर एक मेसेजबॉक्स दाखवायचा किंवा लिनक्सवर पीआरसीटीएल (prctl) या सिस्टिमच्या फंक्शनने प्रोसेसचं नाव बदलायचं, एवढंच असेल तर सी-टाइप्स घ्या आणि मोकळे व्हा.

माझं काम जरा वाढलेलं होतं. पॅकिंगच्या टेबलावर यूएसबी वजनकाटा लावला, की रास्पबेरी पायने तो ओळखायचा. त्यासाठी लिब-यूडेव्ह, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणारी लिनक्सची सी लायब्ररी. सी-टाइप्सने तासाभरात जमलं आणि आठ महिने विनातक्रार चाललं. मग ३२ बिटची सिस्टिम काढून ६४ बिटची टाकली, आणि त्याच कोडने सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीतल्या चुकीच्या पत्त्याला हात लावल्याचा क्रॅश) देऊन मान टाकली. एक्सेप्शन नाही, ओळ क्रमांक नाही, काही नाही.

दोन रात्री गेल्या. फंक्शन काय परत देणार हे सांगितलं नाही, तर सी-टाइप्स इंट, म्हणजे साधा पूर्णांक, धरून चालतं. (खुद्द सी भाषेने न सांगता इंट धरायची ही खोड १९९९ च्या मानकात सोडली होती!) यूडेव्हचं पहिलंच फंक्शन देतं पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर एकाच मापाचे, म्हणून माझी चूक झाकलेली राहिली. ६४ बिटवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला गेला. रेसटाइपमध्ये (फंक्शन काय परत देतं ते सांगायची जागा) व्हॉइड पॉइंटर लिहिला, तरी फॉल्ट. कारण पुढच्या फंक्शनचे आर्गटाइप्स, म्हणजे ते काय आत घेतं, लिहिले नव्हते. नीट मिळालेला पत्ता आत देताना पुन्हा इंटमध्ये कोंबला जात होता. चूक माझीच, मान्य. पण वीसेक फंक्शनं, प्रत्येकाला दोन ओळी, आणि त्यातली एक राहिली तर कुणी चकार शब्द काढत नाही, हे मला झेपलं नाही.

सीएफएफआयमध्ये लायब्ररीच्या हेडर फाइलमधली डिक्लरेशन्स (कोणतं फंक्शन काय घेतं, काय देतं) सी-डेफ या फंक्शनमध्ये जशीच्या तशी चिकटवली. जे डिक्लेअर केलं नाही ते कॉलच होत नाही, सरळ पायथनची एरर येते. एका स्ट्रक्टच्या (सी मधला अनेक फील्ड्सचा गट) जागी दुसऱ्याचा पॉइंटर दिला, तर टाइप-एरर. एपीआय मोडमध्ये (यात मधला सी कोड आधी कंपाइल होतो) तर खरं हेडर समोर ठेवून सी कंपायलरच फंक्शनची डिक्लरेशन्स पडताळतो, आणि स्ट्रक्टमधली नको असलेली फील्ड्स तीन टिंबं देऊन सोडता येतात.

अर्थात तिथेही कटकट आहे. सी-डेफला इन्क्लूड, इफडेफ अशा सी च्या प्रीप्रोसेसर ओळी कळत नाहीत, हेडर हाताने साफ करावं लागतं. एपीआय मोडला जीसीसी (सी कंपायलर) आणि लायब्ररीचं हेडरवालं डेव्ह पॅकेज हवं, नाहीतर प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, बनवून ठेवा. दुसऱ्या, एबीआय मोडला (यात तयार लायब्ररी थेट उघडली जाते) कंपायलर लागत नाही, पण तिथे डिक्लरेशन चुकीचं लिहिलंत तर फॉल्ट तोच. ज्यांना ग्राहकाच्या मशीनवर नुसती एक डॉट-पीवाय फाइल टाकून यायचं असतं, त्यांना सी-टाइप्सच सोयीचं वाटेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

माझ्याकडे काट्याचं काम आता सीएफएफआयवर आहे. पीआरसीटीएलची चार ओळींची स्क्रिप्ट तेवढी सी-टाइप्सवर ठेवली आहे, ते फंक्शन खरोखरच इंट परत देतं.