कोपऱ्यातलं नाव : वेबसाइटचा नवा हेडर एक द्राक्ष हंगाम वापरल्यावर

पंचवटीत दिंडोरी रोडला आमचं द्राक्ष पॅकिंगच्या मालाचं दुकान आहे. पनेट म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या प्लास्टिक डब्या, पाच किलोचे बॉक्स, बॉक्समध्ये ठेवायचे ग्रेप गार्ड पॅड, टेप, कात्र्या. काउंटर सासरे बघतात, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ऑर्डर आणि हिशोब माझ्याकडे. वेबसाइट चार वर्षांपासून आहे, पण तिचा वरचा पट्टा, म्हणजे हेडर, मागच्या गणपतीत बदलून घेतला. समोरचा माणूस लॉगिन आहे का, आणि असेल तर कोणाच्या नावाने, हे साइट उघडल्या उघडल्या दिसावं, एवढ्यासाठीच तो खटाटोप. आता मे संपत आला, अख्खा हंगाम त्या हेडरवर निघाला. मी काही डेव्हलपर नाही, पण दिवसाचे आठ तास ती साइट माझ्यासमोर उघडी असते, त्या हक्काने लिहिते.

जुन्या साइटवर उजव्या कोपऱ्यात माणसाचं चित्र होतं, डोकं आणि खांदे. लॉगिन असलं तरी तेच, नसलं तरी तेच. लॉगिन झालं की बाजूला एक हिरवा ठिपका यायचा, इतकाच फरक. निम्म्या लोकांना तो दिसायचाच नाही. ज्यांना दिसायचा त्यांना वाटायचं दुकानवाले ऑनलाइन आहेत. एक बागायतदार रात्री साडेअकराला फोन करून म्हणाले, ‘वहिनी, हिरवं दिसतंय म्हणून केला.’ आता यावर काय बोलणार.

एखाद्या बातम्यांच्या साइटवर हे खपून जाईल. आमच्याकडे नाही, कारण आमचे रेट दोन आहेत. कोणालाही दिसतो तो किरकोळ. नोंदणी केलेल्या बागायतदाराने लॉगिन केलं की त्याच्या खरेदीप्रमाणे होलसेल. म्हणजे लॉगिन तुटलं की भाव चढतो, आणि का चढला ते स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत रोज चार-पाच फोन असायचे की काल पॅड एका भावाने होते, आज एवढे महाग कसे. शेतकऱ्याला वाटायचं, हंगाम बघून आम्ही भाव वाढवले. त्यांची तरी काय चूक?

त्याहून वाईट प्रकार आमच्याच काउंटरवर झाला. दोन हंगामांपूर्वी एका बागायतदाराने दुकानात बसून आमच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या नंबरने लॉगिन केलं, ऑर्डर टाकली आणि निघून गेले. लॉगआउट कोणीच केलं नाही. तासाभराने दुसऱ्याचा फोन आला, दोन हजार पॅड हवे होते, माल सकाळी पॅकहाऊसला पोचायला हवा होता. मी घाईत तीच उघडी साइट वापरली. माल गेला पहिल्याच्या पत्त्यावर, बिल फाटलं पहिल्याच्या नावाने. सकाळी एकीकडे पॅड उतरवून घ्यायला कोणी नाही आणि दुसरीकडे द्राक्षं तोडून पॅड नाहीत. पॅडमधून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि लांबच्या प्रवासात घडांना बुरशी लागत नाही. पॅडशिवाय निर्यातीचा बॉक्स बंद करता येत नाही. त्या दिवशी आप्पा स्वतः गाडी घेऊन गेले. चूक माझी, हे मान्यच. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात नाव असतं तर मी थांबले असते.

तर नवा हेडर. लॉगिन नसेल तेव्हा कोपऱ्यात सरळ शब्द: ‘लॉगिन’. चित्र नाही. आधी डेव्हलपरने शुद्ध मराठीत ‘प्रवेश करा’ लिहिलं होतं. दोन दिवसांत काढायला लावलं, कारण प्रवेश म्हटलं की आमच्याकडे शाळा-कॉलेजचा प्रवेश. ‘बाहेर पडा’चंही तेच, लोकांना वाटलं साइटच बंद होईल. लॉगिन-लॉगआउट हे शब्द आता मोबाइलवाल्या प्रत्येक आजोबांना माहीत आहेत, तेच ठेवावेत. ‘साइन इन’ आणि ‘साइन अप’ शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांना तर मी हात जोडते. आमच्याकडे मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, नवीन असाल तर पुढे नाव-गाव विचारतो. बटण एकच.

लॉगिन झालं की तिथे नाव येतं, आणि मला या हेडरमधली सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे नावाबरोबर गावही येतं. पहिल्या मसुद्यात फक्त आडनाव होतं. निफाड तालुक्यात काही गावांत अर्धी आळी एकाच आडनावाची, तिथे आडनावाने काय कळणार? मग डेव्हलपरने गोल चकतीत नावाचं पहिलं अक्षर दाखवलं, मोठ्या साइटींवर असतं तसं. इंग्रजीत ते चालून जातं. आपल्याकडे कॉम्प्युटर पहिलं अक्षर म्हणून फक्त पहिली खूण उचलतो, काना-मात्रा-वेलांटी मागेच राहते. त्यामुळे विठ्ठलचाही ‘व’ आणि वसंतचाही ‘व’. ज्ञानेश्वरचा तर ‘ज’ झाला. एका ज्ञानेश्वररावांनी विचारलं, ‘हा ज कोण?’ डेव्हलपर म्हणाला, पूर्ण अक्षर उचलायची सोय आहे, करून देतो. मी म्हटलं, चकतीच काढ. आता ‘ज्ञानेश्वर, उगाव’ असं दिसतं आणि दाबलं की खाली मोबाइलचे शेवटचे चार आकडे. आपल्याकडे एकाच फोनवरून वडील, काका आणि मुलगा तिघेही ऑर्डर टाकतात. त्यांना ‘तुम्ही लॉगिन आहात’ हे सांगून उपयोग नसतो, ‘कोण म्हणून आहात’ ते सांगावं लागतं.

नावाखालच्या मेनूचा किस्साही सांगते. तिथे पहिली ओळ होती ‘माझं खातं’. आत पत्ता, जीएसटी नंबर, जुन्या ऑर्डरी. पण दुकानात खातं म्हणजे उधारी! लोक उघडायचे आणि विचारायचे, बाकी कुठे लिहिली आहे. डेव्हलपरने उत्साहाने बाकीची रक्कम थेट हेडरमध्ये नावाशेजारी आणली. आठ दिवसांत एक जण काउंटरवर चार लोकांसमोर फोन काढून पनेटचं माप दाखवायला गेले आणि शेजारच्याने त्यांची बाकी मोठ्याने वाचली. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर काय ते दिसलं. त्याच संध्याकाळी रक्कम आतल्या पानावर गेली. आता मेनूत ‘माझ्या ऑर्डरी’, ‘उधारी’, ‘पत्ता व जीएसटी’ अशा ओळी आहेत, आणि सगळ्यात खाली, रेघ मारून, लॉगआउट.

आता त्रास. ऑक्टोबरात, गोडी छाटणी म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी चालू असताना, एका सकाळी तीन वेगवेगळ्या लोकांनी कळवलं की कोपऱ्यात भलत्याच माणसाचं नाव दिसतंय. माझ्या पोटात गोळा आला. झालं असं होतं की साइट पटकन उघडावी म्हणून सर्व्हर तयार पानाची प्रत ठेवून घेतो आणि पुढच्याला तीच देतो. कोणाचं तरी नाव छापलेलं पान तसंच साठवलं गेलं आणि ते सगळ्यांना वाटलं गेलं. नशिबाने ऑर्डरींची आणि उधारीची पानं साठवणीतून वगळलेली होती, त्यामुळे दिसलं ते फक्त नाव आणि त्याचा रेट. पण ‘फक्त’ म्हणायलाही जीभ रेटत नाही. नंतर कळलं की २०१५ च्या नाताळात स्टीम या गेम विकणाऱ्या मोठ्या साइटवरही असंच झालं होतं, लोकांना दुसऱ्यांच्या खात्याची पानं दिसली होती. वाचून थोडं बरं वाटलं, थोडं नाही.

उपाय म्हणून डेव्हलपरने पान सगळ्यांसाठी एकच ठेवलं, बिनानावाचं. पान उघडलं की मागून ब्राउझर सर्व्हरला हळूच विचारतो, हा कोण, आणि मग कोपऱ्यात नाव भरतो. दुकानातल्या वायफायवर हे डोळ्याला कळतही नाही. बागेत एक दांडी रेंज असताना कळतं. आधी ‘लॉगिन’ दिसायचं, दोन-तीन सेकंदांनी त्याच्या जागी नाव. तेवढ्या वेळात माणूस ‘लॉगिन’ दाबून मोकळा! मग पुन्हा नंबर, पुन्हा ओटीपी, आणि आम्हाला फोन की रोज रोज लॉगिन काय करायचं. रेटचंही तसंच, आधी किरकोळ दिसायचा, मग एकदम उतरायचा. एकाने तर विचारलं, ‘घासाघीस आपोआप होते का?’

हे निस्तरायला नोव्हेंबर उजाडला. आता उत्तर येईपर्यंत कोपऱ्यात आणि रेटच्या जागी नुसती करडी पट्टी राहते. ना लॉगिन, ना नाव. जे ठाऊक नाही ते लिहायचं नाही. पट्टीची रुंदीही आधीपासून ठरलेली, म्हणजे नाव आलं की बाजूची बटणं सरकत नाहीत. पूर्वी कार्टवर बोट ठेवावं तर ते नेमकं लॉगआउटवर पडायचं. हा बदल कोणाच्या लक्षातही आला नसेल, पण फोन कमी झाले ते यामुळे.

मध्ये मी डेव्हलपरला विचारलं होतं की मुळात साइटला माणूस लक्षात का राहत नाही. तो म्हणाला, वेब जन्मापासून विसराळू आहे. तुम्ही मागाल ते प्रत्येक पान सर्व्हरसाठी नवीन गिऱ्हाइकाचं. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या ल्यू माँटुलीने कुकी काढली. सायकल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, तसा. सर्व्हर बिल्ला देतो आणि ब्राउझर दर वेळी तो दाखवतो. हे कळल्यावर माझी एक जुनी शंका फिटली. इन्स्टाग्रामवर आम्ही नवीन मालाचे फोटो टाकतो, तिथली लिंक दाबून आलेले लोक नेहमी म्हणायचे, काल तर लॉगिन केलं होतं. इन्स्टाग्राम ती लिंक स्वतःच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं, आणि बिल्ला आहे क्रोमच्या खिशात. आता त्या फोटोंखाली मी दुकानाचा नंबर देते, लिंक नाही. हेडरने सगळंच सुटत नाही.

काउंटरच्या कॉम्प्युटरसाठी केलेलं काम मात्र पैसे वसूल. तिथे आता बागायतदाराचा ओटीपी मागतच नाही. मी माझ्या नावाने लॉगिन असते आणि फोनवरच्या माणसाचं नाव निवडते. निवडलं की हेडरखाली अख्ख्या रुंदीचा पिवळा पट्टा येतो: ‘ही ऑर्डर अमुक, उगाव यांच्या नावाने जात आहे’, आणि शेजारी ‘थांबवा’. पान कितीही खाली सरकवा, पट्टा वरच चिकटलेला. पंधरा मिनिटं हात लागला नाही तर निवड आपोआप सुटते. आप्पांना पिवळा आणि पांढरा फरक चटकन कळत नाही, मोतीबिंदू आहे, म्हणून मजकूर मोठा आणि ठळक करून घेतला. रंग हा नुसता जोडीला. आप्पा ऑर्डर पाठवण्याआधी तो मजकूर मोठ्याने वाचतात आणि फोनवरचा माणूस ‘हो’ म्हणतो. या हंगामात एकही बिल चुकीच्या नावाने फाटलं नाही.

दोन गोष्टी अजून खुपतात. एक, लॉगआउट करून मागे जायचं बटण दाबलं की जुनं पान नावासकट परत दिसतं. ब्राउझर ते आपल्या आठवणीतून काढतो, सर्व्हरला विचारतच नाही. काही करायला गेलं की लॉगिन मागतो, म्हणजे धोका नाही, पण सायबर कॅफेतून ऑर्डर टाकणारा माणूस घाबरतो आणि त्याचं बरोबरच आहे. परत दिसलेल्या पानाने पुन्हा एकदा ‘हा कोण’ विचारावं, एवढंच करायचं आहे. दुसरी, दोन टॅब उघडे असतील तर एकात लॉगआउट केल्यावर दुसऱ्यात नाव तसंच राहतं. हे आमच्या पुतण्याशिवाय कोणी करत नाही, म्हणून मी मागे लागले नाही.

खर्च एकूण अठरा हजार आला, त्यातले सहा हजार ऑक्टोबरच्या गोंधळानंतरचे, आणि त्यावर आमची डेव्हलपरशी चांगलीच बोलाचाली झाली. त्याचं म्हणणं, साइट हळू आहे अशी तक्रार तुमचीच होती. माझं म्हणणं, हळू चालेल पण दुसऱ्याचं नाव चालणार नाही. शेवटी तीन त्याने सोडले, तीन आम्ही दिले. मागे जायच्या बटणाचं काम त्याने सप्टेंबरच्या आत फुकट करून द्यायचं ठरलंय. छाटणी सुरू झाली की मी आठवण करणार नाही, मला तेव्हा वेळ नसतो, म्हणून आजच त्याला व्हॉट्सअॅपवर तारीख लिहून मागितली आहे.